घरात एकच गाडी: एडिसनमधल्या एका प्लग-इन हायब्रिडचा हिशेब

न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरात गाडी एकच आहे. तिचा नवरा मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेननं न्यूयॉर्कला जातो. सकाळी ती त्याला स्टेशनवर सोडते, मग मुलाला शाळेत, आणि तिथून रूट वननं प्रिन्स्टनच्या बाजूला स्वतःच्या ऑफिसला. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमानं. रोजचं एकूण अंतर चाळीस मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण ६४ किलोमीटर. शनिवार-रविवारी ओक ट्री रोडवरचा बाजार, मराठी शाळा, कधी ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर. वर्षातून काही वेळा बॉस्टनला नणंदेकडे जाणं होतं, आणि पुण्याहून आई-बाबा आले की नुअर्क विमानतळाच्या खेपा असतात.

२०२४ च्या वसंतात त्यांची जुनी सेडान दुरुस्तीच्या पलीकडे गेली. पुढची गाडी छोटी एसयूव्ही घ्यायची, हे काकांच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, गुडघ्यांमुळे आधीच ठरलं होतं. खाली वाकून बसायच्या गाडीत त्यांना चढउतार जमत नाही. अडलं होतं ते इंधनावर. साधी हायब्रिड, प्लग लावायची हायब्रिड, की पूर्ण विजेवरची? मी गाड्यांच्या इंजिन-मोटर प्रणालींवर काम करतो, म्हणून तिचा फोन आला. "दादा, दहा जण दहा गोष्टी सांगतात. तू फक्त आमच्या घरापुरतं सांग." हा प्रश्न मला फार योग्य वाटला. प्लग-इन हायब्रिड चांगली की वाईट, याला उत्तरच नाही. ती कोणाच्या घरी, कोणत्या प्लगला लागून, किती मैलांच्या फेरीवर उभी राहणार आहे, यावर सगळं ठरतं.

चाळीस मैलांची अट

साध्या हायब्रिडमध्ये बॅटरी छोटी असते. ब्रेक लावताना जमा झालेली ऊर्जा ती परत वापरते, पण मुळात सगळी ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. प्लग-इनची बॅटरी दहा-पंधरा पट मोठी असते आणि ती घरच्या विजेवर भरते. ती संपेपर्यंत गाडी विजेवर धावते आणि संपली की साध्या हायब्रिडसारखी वागते. म्हणजे पहिला प्रश्न असा: रोजची फेरी त्या विजेच्या मैलांत बसते का?

तेव्हा बाजारात या आकाराच्या गाड्या बऱ्याच होत्या. फोर्ड एस्केपची प्लग-इन आवृत्ती अमेरिकी सरकारी चाचणीनुसार ३७ मैल विजेवर जायची, ह्युंदाई टक्सन ३३ मैल, टोयोटा आरएव्ही४ प्राइम ४२ मैल. चाळीस मैलांच्या फेरीला पहिल्या दोघींत रोज संध्याकाळी घराजवळ इंजिन सुरू झालंच असतं. शेवटच्या तीन ते सात मैलांसाठी थंड इंजिन चालू करून लगेच बंद करणं हे कोणत्याही इंजिनाला सगळ्यात वाईट. तेल नीट तापत नाही, धूर साफ करणारा उत्प्रेरक तापत नाही, धूरही त्या पहिल्या मिनिटांतच सर्वांत जास्त. म्हणून यादीत प्राइम उरली. नवीन प्राइमची छापील किंमत ४३ हजार डॉलरच्या पुढे होती. शिवाय ती जपानमध्ये बनायची, आणि २०२२ च्या इन्फ्लेशन रिडक्शन कायद्यानं नव्या गाडीच्या खरेदीवरची केंद्रीय करसवलत उत्तर अमेरिकेत जुळणी झालेल्या गाड्यांपुरती ठेवली. भाड्यानं (लीजवर) घेतली तर त्या वाटेनं सवलत मिळू शकत होती, पण मावसबहिणीला गाडी दहा वर्षं ठेवायची होती. शेवटी त्यांनी २०२१ ची वापरलेली प्राइम बघितली, एसई नावाच्या आवृत्तीतली. तशाच वयाच्या, तितक्याच चाललेल्या साध्या आरएव्ही४ हायब्रिडपेक्षा ती साधारण पाच हजार डॉलरनं महाग होती. हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

पूर्ण विजेची गाडी का नको, हा प्रश्न मी स्वतःहून काढला, कारण मला ती आवडते. घरात दोन गाड्या असत्या तर मी एक विजेची आणि एक साधी हायब्रिड असंच सांगितलं असतं. रोजची फेरी एकीनं करावी आणि लांबचा पल्ला दुसरीनं. इथे दोन्ही कामं एकाच गाडीवर होती. बॉस्टनच्या रस्त्यावर लहान मुलाला घेऊन थंडीत चार्जरच्या रांगेत थांबायची मावसबहिणीची तयारी नव्हती, आणि तिला ते पटवण्याचं मला काही कारण दिसलं नाही.

वापरलेली गाडी घेताना तीन गोष्टी तपासल्या. चार्जिंगची मूळ केबल सोबत आहे का. गाडीच्या क्रमांकावरून कोणता रिकॉल, म्हणजे कंपनीनं दुरुस्तीसाठी दिलेलं बोलावणं, बाकी आहे का. आणि खालून मागच्या मोटरकडे जाणारी उच्चदाबाची नारिंगी केबल कशी आहे. २०१९ पासूनच्या आरएव्ही४ हायब्रिडमध्ये, रस्त्यावर मीठ टाकतात अशा थंड भागांत, त्या केबलची जोडणी गंजल्याच्या तक्रारी कॅनडा आणि अमेरिकेत गाजल्या होत्या आणि कंपनीनं त्यासाठी वॉरंटी वाढवली. न्यू जर्सीत मीठ भरपूर पडतं, त्यामुळे गाडी लिफ्टवर चढवून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत असं मी सांगितलं. बॅटरीची काळजी मात्र फारशी नव्हती. तिला दहा वर्षं किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी आहे आणि ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते.

गराजमधला प्लग आणि फ्रीझर

इथल्या बहुतेक मराठी घरांत गराजमध्ये दुसरा फ्रीझर असतो. ओल्या नारळाचा चव, मेथी, सीताफळाचा गर, आई जाण्याआधी करून ठेवलेल्या पुरणाच्या पोळ्या. मावसबहिणीच्या टाउनहाउसमध्येही आहे, आणि गराजमधल्या ज्या एकुलत्या प्लगला गाडी लागणार होती त्याच सर्किटवर तो होता. गाडीची साधी १२० व्होल्टची केबल सतत १२ अँपिअर ओढते. सर्किट १५ अँपिअरचं. फ्रीझरचा कंप्रेसर सुरू झाला की ब्रेकर पडला असता, आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली मिळाली असती. फ्रीझरचीही काळजी होतीच.

हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण प्लग-इन गाडीचं मूल्यमापन खरं तर इथूनच सुरू व्हायला हवं. युरोपीय आयोगानं २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती जाहीर केली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. प्रयोगशाळेत गाडी जितकी भरलेली धरतात तितकी लोक ती भरत नाहीत, हे त्याचं मुख्य कारण. आणि न भरण्यामागे आळस हे एकच कारण नसतं. प्लग गैरसोयीच्या जागी असतो, केबल गुंडाळून ठेवावी लागते, ब्रेकर पडतो. चार वेळा असं झालं की माणूस सोडून देतो, आणि मग गाडी रोज दोन-अडीचशे किलो जादा वजन उचलून पेट्रोलवर फिरते.

म्हणून मी गाडीच्या आधी वायरिंगवर पैसे घालायला सांगितलं. परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणि टाउनशिपची परवानगी घेऊन २४० व्होल्ट, २० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट टाकलं. दुकानात त्यांना ४८ अँपिअरचा मोठा चार्जर सुचवला गेला होता. त्याचा काही उपयोग नव्हता, कारण एसई आवृत्तीत गाडीतला चार्जर ३.३ किलोवॉटचाच आहे. भिंतीवर कितीही मोठं यंत्र लावलं तरी गाडी त्याहून जास्त घेत नाही. रिकामी बॅटरी साडेचार तासांत भरते. साध्या प्लगवर बारा तास लागतात. रोजच्या फेरीला बारा तासही चालले असते, पण शनिवारी सकाळचा बाजार आटोपून दुपारी गाडी पुन्हा भरून संध्याकाळी मंदिरात विजेवर जाता येतं, ते या साडेचार तासांमुळे.

काकांची वही

माझे काका, म्हणजे तिचे बाबा, एप्रिलमध्ये मावशीबरोबर सहा महिन्यांसाठी आले. पुण्यात स्कूटर घेतल्यापासून पेट्रोलची नोंद ठेवणारा माणूस. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एक वही सुरू केली: तारीख, मैल, चार्जरच्या पडद्यावरचे युनिट, बाहेरचं तापमान, आणि शेवटचा रकाना "इंजिन लागलं का". ऑक्टोबरमध्ये परत गेल्यावरही दर रविवारी व्हॉट्सॲपवर ते जावयाकडून आकडे मागवत राहिले. या प्रकरणात जे काही ठामपणे म्हणता येतं ते त्या वहीमुळे.

उन्हाळ्यात रूट वनवर गाडीनं सरकारी आकड्याला मागे टाकलं. सिग्नलला थांबत-निघत, मध्यम वेगानं चालायचा तो रस्ता. दर ब्रेकला थोडी ऊर्जा परत येते. वहीत पंचेचाळीस मैल सर्रास दिसतात. तेच टर्नपाइक या टोलच्या हायवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगानं गेलं की पस्तीस-छत्तीसवर बॅटरी संपायची. लोक याच्या उलट समजतात, कारण पेट्रोलच्या गाडीला हायवेच मानवतो. एका पूर्ण चार्जला भिंतीतून साडेपंधरा युनिट जात. गाडी विजेवर असताना पाय पूर्ण दाबला तरी इंजिन मध्ये येत नाही, हे मला या गाडीचं सर्वांत मोठं यश वाटतं. कित्येक प्लग-इन गाड्यांत जरा जोर लावला की इंजिन धडकन सुरू होतं. इथे २८७ क्रमांकाच्या हायवेवर चढताना मागून ट्रक येत असला तरी मोटरनंच भागतं. दोन्ही मिळून ३०२ हॉर्सपॉवर आहे. कुटुंबाच्या गाडीला इतकी कशाला, असं काका म्हणाले खरे, पण हायवेच्या रांगेत शिरताना त्यांनीही दारावरची धरायची दांडी सोडून दिली.

बॉस्टनच्या प्रवासात एक गोष्ट शिकवावी लागली. घरून भरून निघाल्यावर गाडी आपणहून आधी वीज संपवते, तीही हायवेवर, जिथे ती सर्वांत लवकर संपते. त्याऐवजी टर्नपाइकला लागताच हायब्रिडचं बटण दाबून वीज राखून ठेवायची आणि बॉस्टनच्या गल्ल्यांत वापरायची. बॅटरी संपल्यावर किंवा राखून ठेवल्यावर गॅलनला ३८ मैल हा सरकारी आकडा आहे, म्हणजे लिटरला सोळा किलोमीटर. लांबच्या रस्त्यावर वहीतही तेवढंच आलं. साधी हायब्रिड ४० देते. जादा वजनाची किंमत एवढीच, आणि ती मला मान्य आहे.

डिकी थोडी लहान आहे, बॅटरीमुळे तळ वर आला आहे. नुअर्कहून मावशी-काकांच्या चार मोठ्या बॅगांपैकी एक मागच्या सीटवर ठेवावी लागली. सीटची उंची मात्र काकांच्या गुडघ्यांना नेमकी बसली.

जानेवारी

हिवाळ्याबद्दल विक्रेते कमी बोलतात, म्हणून मी जास्त लिहितो. पेट्रोलच्या गाडीत ऊब फुकट असते, इंजिनाची वाया जाणारी उष्णता केबिनमध्ये येते. विजेच्या गाडीत तीच ऊब बॅटरीतून काढावी लागते. या गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र) आहे, साध्या कॉइलपेक्षा तो बराच काटकसरी आहे, तरी जानेवारी २०२५ च्या थंडीत पूर्ण चार्जवर तीस मैलांच्या आसपासच मिळाले. चाळीस मैलांची फेरी हिवाळ्यात विजेत बसत नाही, हे स्पष्ट झालं. शिवाय पारा उणे दहा सेल्सियसच्या खाली गेला की ऊब देण्यासाठी इंजिन सुरू होतंच, बॅटरी भरलेली असली तरी. आणि पुढच्या काचेवरचं दव घालवायचं बटण दाबलं की तेव्हाही. वहीच्या शेवटच्या रकान्यात जानेवारीत "हो" च्या ओळी लागल्या, तेव्हा काकांनी पुण्याहून फोन करून विचारलं की गाडी बिघडली का.

बिघडली नव्हती. उपाय दोन केले. सकाळी गाडी प्लगला असतानाच केबिन तापवायची, म्हणजे ती ऊब भिंतीतल्या विजेतून येते. आणि गाडीत सीट व स्टिअरिंगची ऊब वापरून हवेचा हीटर कमी ठेवायचा. त्यानं तीन-चार मैल वाढले. मग एक व्यवहारी नियम ठरला: हिवाळ्यात रोज शेवटच्या दहा मैलांत थंड इंजिन जागं करण्यापेक्षा, सकाळी शाळेनंतर रूट वनला लागल्यावरच काही मैल हायब्रिडवर काढायचे. इंजिन नीट तापतं, त्याची ऊब ऑफिसपर्यंत पुरते, आणि उरलेली फेरी विजेवर होते.

पैसे सुटतात का

इथे हिशेब मांडतो, कारण ओळखीतल्या बहुतेकांनी हा भाग न मांडताच गाडी घेतली आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्यांच्या बिलात युनिट साधारण १८ सेंटला पडत होतं आणि पेट्रोल गॅलनला ३ डॉलर ४० सेंटच्या आसपास होतं. पूर्ण चार्जचे २ डॉलर ७९ सेंट, त्यात पंचेचाळीस मैल. साध्या हायब्रिडला तेवढ्याच अंतराला ३ डॉलर ८३ सेंट लागले असते. म्हणजे एका चार्जमागे एक डॉलर वाचला. जानेवारीत त्याच २ डॉलर ७९ सेंटमध्ये तीस मैल. पेट्रोल तोवर ३ डॉलर १० वर उतरलं होतं; साधी हायब्रिडही थंडीत ३५ वर येते असं धरलं तरी तिला तीस मैलांना २ डॉलर ६६ सेंट पुरले असते. हिवाळ्यात वीज महाग पडली.

मग १ जून २०२५ पासून न्यू जर्सीत घरगुती विजेची बिलं १७ ते २० टक्क्यांनी वाढली. तेरा राज्यांत वीज वाटणाऱ्या पीजेएम या ग्रिडच्या लिलावात क्षमतेचा, म्हणजे गरजेपुरती वीज देण्याची तयारी राखण्याचा, दर मेगावॉटला दिवसाकाठी सुमारे २९ डॉलरवरून २७० डॉलरवर गेला होता, त्याचा तो परिणाम. युनिट २१ सेंटवर गेलं. त्या दरानं उन्हाळ्यातही एका चार्जमागे जेमतेम पाव डॉलर सुटतो, आणि हिवाळ्यात तेवढ्याहून जास्त तोटा होतो. वर्षाचा ताळा शून्याजवळ येतो. पाच हजार डॉलरचा जादा दाम या बचतीतून फिटण्याचा प्रश्नच उरला नाही. गाडी विकताना त्यातले काही परत येतील, कारण वापरलेल्या प्राइमला तेव्हा मागणी टिकून होती, पण ती गणना वेगळी.

छतावर सोलर असतं तर चित्र बदललं असतं. टाउनहाउसचं छत सोसायटीच्या ताब्यात आहे, त्यामुळे तो मार्ग बंद होता.

हे आकडे मी जूनमध्ये मावसबहिणीसमोर ठेवले. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी पैशांसाठी घेतली नव्हती रे दादा." हे खरं आहे, आणि मी तिच्या बाजूनं आहे. शाळेच्या दाराशी दुपारी वीस-पंचवीस गाड्या इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, मुलं त्यांच्या मधून धावतात. तिच्या गाडीतून तिथे काही बाहेर पडत नाही. न्यू जर्सीची वीज मुख्यतः नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जेतून येते, कोळसा जवळपास नाहीच, त्यामुळे तिच्या विजेच्या मैलांचा कार्बन साध्या हायब्रिडच्या निम्म्याच्या आसपास भरतो. ऑफिसच्या रस्त्यावरचा थकवा शांत गाडीत कमी होतो असं ती म्हणते, आणि ते मोजता येत नसलं तरी मी खोडणार नाही. हे सगळं पाच हजार डॉलरच्या मोलाचं आहे की नाही, ते ज्याच्या त्याच्या खिशावर आणि मनावर आहे. फक्त "पेट्रोल वाचेल म्हणून" या एका कारणावर कोणी पाच हजार मोजू नयेत, एवढं मी आता प्रत्येकाला आवर्जून सांगतो.

काकांनी पुण्याला जाण्याआधी विचारलं होतं की तिकडे अशी मिळेल का. या आकाराची, मध्यमवर्गाच्या आवाक्यातली प्लग-इन हायब्रिड भारतात तेव्हा कोणी विकत नव्हतं, आणि कररचना हे त्यामागचं एक मोठं कारण. मोठ्या हायब्रिडवर जीएसटी आणि सेस मिळून ४३ टक्के होते, विजेच्या गाडीवर ५. सप्टेंबर २०२५ मध्ये ४३ चे ४० झाले, दरी तशीच राहिली. सिंहगड रोडच्या त्यांच्या सोसायटीत पार्किंगमध्ये प्लगही नाही. त्यांना मी साधी स्ट्राँग हायब्रिड बघायला सांगितली.

अमेरिकेतही परिस्थिती बदलली आहे. केंद्रीय करसवलती, भाड्याच्या वाटेची धरून, ३० सप्टेंबर २०२५ ला संपल्या. दुसऱ्या बाजूला नव्या आरएव्ही४ प्लग-इनचा विजेचा पल्ला कंपनीनं ती जाहीर करताना पन्नास मैलांपर्यंत सांगितला, आणि मावसबहिणीच्या फेरीसाठी हा आठ मैलांचा फरक हिवाळ्यात मोठा ठरला असता. ती गाडी बदलणार नाही. सर्किट घातलेलं आहे, नियम बसले आहेत, वही चालू आहे.

गेल्या महिन्यात तिच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्रानं मला गाठलं. जर्सी सिटीत उंच इमारतीत राहतो, पार्किंग रस्त्यावर, आठवड्यातून दोनदा गाडी निघते, तीही लांब. मावसबहिणीची गाडी बघून त्यालाही तीच घ्यायची होती. प्लग कुठे लावणार, असं विचारलं तर म्हणाला की मॉलमध्ये कधीतरी लावेन. या गाडीला जलद चार्जिंगची सोयच नाही, मॉलमध्ये तिला साडेचार तास उभं राहावं लागेल, हे त्याला सांगितलं आणि साध्या हायब्रिडच्या दोन जाहिराती पाठवल्या. त्यातली एक त्यानं घेतली.